पारिजातक लावताय? आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

दरवर्षी मार्च आला की आमच्या शेजारच्या काकी गडग्यावरून डोकावून एकच वाक्य टाकतात, "तें मेलां रे, काडून उडय" (मेलंय ते, काढून टाक). आणि दरवर्षी सप्टेंबरात त्याच काकी सकाळी सहाला परडी घेऊन आमच्या अंगणात हजर. झाड तेच. मार्चमध्ये नुसत्या काटक्या, अंगावर दोनचार फाटकी पानं, आणि सप्टेंबरात सगळं अंगण पांढरं-केशरी. पारिजातक लावायचा तर ही दोन्ही रूपं झेपायला हवीत, नाहीतर सरळ जास्वंद लावा, ती बिचारी बारा महिने हिरवी असते.

मी गोव्यातला, डिचोलीकडचा. आमचं घर चढणीवर आहे, म्हणजे माती कमी आणि चिरा (जांभा दगड) जास्त, कुदळ मारली की ठिणगी उडते असली जमीन. अशा जागी पारिजातक येतो का, तर येतो, आणि मस्त येतो. मुळात तो डोंगरउतारावरच्या खडकाळ कोरड्या जागी वाढणारा गडी आहे. उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसायचं, पाऊस आला की उठायचं, अशी त्याची सवय. त्याला मारणं खरं तर कठीण आहे, पण मी ते करून दाखवलंय, त्यामुळे आधी तेच सांगतो.

पहिल्या वेळी मी अगदी प्रेमाने दोन फूट बाय दोन फूट खड्डा खणला. दोन दिवस लागले, हाताला फोड आले. त्यात कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) काळी माती, दोन पाट्या शेणखत, वरून थोडा पालापाचोळा असं सगळं घातलं आणि जूनच्या पहिल्या पावसात रोप लावलं. महिनाभर झकास. जुलैच्या शेवटी खालची पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून अजून एक पाटी घातली (हे असलं ज्ञान तेव्हा होतं माझं). चतुर्थीच्या आधी पानं अशी लोंबायला लागली की जणू पाणीच मिळत नाही, आणि बाहेर तर धो धो पाऊस. शेवटी उपटून बघितलं. मुळं काळी, बोटांनी चिमटली की साल सुटून हातात येते, आतला दोरा तेवढा उरतो, आणि वास गटारासारखा. खड्ड्याच्या तळाला वीतभर पाणी साचलेलं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे बादली. वर पाऊस भरतो, खाली भोक नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर चार महिन्यांत, त्या बादलीत झाड चार महिने बुडून राहतं. पारिजातकाला दुष्काळ चालतो, बुडणं चालत नाही.

म्हणून आता काहीही लावायच्या आधी मी खड्ड्याची परीक्षा घेतो. मे महिन्यात खड्डा खणायचा, काठोकाठ पाणी भरायचं आणि सोडून द्यायचं. पहिल्यांदाचं पाणी भराभर जिरेल, त्यावर खूश होऊ नका, सुका चिरा तहानलेला असतो, तो पिणारच. ते जिरलं की लगेच दुसऱ्यांदा भरा आणि निकाल त्यावर लावा. संध्याकाळी भरलेलं दुसरं पाणी सकाळी उठून बघितल्यावर गेलेलं असेल तर लावा बिनधास्त. तळाला डबकं दिसलं तर ती जागा तशीच्या तशी वापरू नका.

मग काय करायचं? दोन उपाय आहेत. जमीन उतरती असेल तर खड्ड्याची उताराकडची भिंत तळापर्यंत फोडून काढायची आणि त्या फटीत चिऱ्याचे तुकडे भरायचे, म्हणजे पाणी आपोआप बाहेर निघतं. मेहनत आहे, पण एकदाच. जमीन सपाट असेल तर खड्ड्याचा नादच सोडा, उंचवटा करा. कुठे बांधकाम चालू असलं की फुटके चिरे पडलेले असतातच, ते आणून चार-पाच फूट रुंदीचं गोल कडं करायचं, दीड फूट उंच, सिमेंट अजिबात नको, नुसते एकावर एक रचायचे, फटींतून पाणी गळायला हवं. आत खालची जमीन कुदळीने थोडी सैल करून घ्यायची, जेणेकरून मुळांना पुढे शिरायला वाट मिळेल, आणि वर माती भरायची. माझं आत्ताचं झाड असंच चबुतऱ्यावर बसलंय, देवळातल्या पिंपळासारखं. येणारे-जाणारे विचारतात, काय देवचार (गावाचा राखणदार) बसवलाय काय रे इथे.

माती काय भरायची यावर फार डोकं लावू नका. तांबडी माती तीन पाट्या, एक पाटी जाडी रेती, एक पाटी जुनं शेणखत. जुनं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास येत नाही, चहापावडरीसारखं भुसभुशीत लागतं ते. ताजं शेण घालू नका, मुळं भाजतात. भाताच्या शेतातली चिकट माती आणायचा मोह होतो, फुकट मिळते म्हणून, पण ती पावसात लोणी आणि उन्हात वीट, या झाडाला नकोच. चुलीची राख असेल तर दोन मुठी घाला, आपल्या मातीला आंबटपणा असतो त्याला बरी.

रोप आणताना एक गंमत लक्षात ठेवा. पारिजातकाची कोवळी दांडी गोल नसते, चौकोनी असते, बोटांत धरून फिरवली की कडा जाणवतात. आणि पान समोरासमोर जोडीने येतं आणि खरखरीत असतं, अगदी पॉलिश पेपर. पान उलटसुलट करून नखावर घासून बघा, नख झिजतं. नर्सरीत फुलं नसताना रोप ओळखायचं तर हे दोन्ही बघा, कारण मी स्वतः म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुसरंच कसलंतरी रोप पारिजातक म्हणून घेऊन आलोय, विकणाऱ्या बाईला दोष नाही, तिने भलतीच पिशवी उचलली आणि मी बघितली नाही. रोप दीड-दोन फुटांचं बस्स. पाच फुटांचं, लहान पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेलं रोप दिसायला भारी दिसतं, पण त्याची मुळं आत गोल गोल फिरून दोरखंड झालेली असतात, जमिनीत गेल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात. पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर आलं असेल तर ते रोप ठेवा परत.

लावायचा टाइम म्हणाल तर जूनचे पहिले आठ-दहा दिवस जाऊ देत, माती आतपर्यंत ओली होऊ दे, आणि मग एखाद्या ढगाळ दुपारनंतर लावा. ऐन जुलैच्या झडीत लावू नका. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी लावलं तरी चालतं, उलट मला तर तेच बरं वाटतं, कारण कुजण्याची भीती नाही, फक्त मग पहिला उन्हाळा जपावा लागतो. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गोळा फोडायचा नाही, आणि खोडाचा पिशवीत जेवढा भाग मातीत होता तेवढाच जमिनीतही ठेवायचा, जास्त खोल पुरायचं नाही. खोडाला टेकून मातीचा ढीग करायची आपल्या लोकांना फार हौस, त्यानेही बुंधा कुजतो.

आता जागा. ऊन हवं, निदान पाच-सहा तास. सावलीत झाड जगतं पण लांबच लांब होतं आणि फुलं मोजून दहा. माडाखाली लावू नका. ऊन मिळत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे वरून चुडत (माडाची झावळी) पडलं की फांदी खलास, या झाडाची फांदी तशी ठिसूळच, नारळ पडला तर बोलायलाच नको. फणसाखाली, आंब्याखालीही तेच.

आणि कंपाऊंडच्या भिंतीपासून लांब ठेवा, दहा फूट तरी. सत्यभामेची गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, हट्ट करून स्वर्गातनं झाड आणवलं, लावलं आपल्या अंगणात आणि फुलं पडली रुक्मिणीच्या. यात कृष्णाची काही करामत असेल नसेल, पण भिंतीलगत लावलं की झाड उजेडाकडे, म्हणजे मोकळ्या बाजूला झुकतं, आणि ती मोकळी बाजू बऱ्याचदा शेजाऱ्याची असते. आमच्या एका नातेवाइकाकडे यावरून दोन घरांत बोलणं बंद झालंय, म्हणजे फुलं पडतात म्हणून नाही, तर "कचरा पडतो" म्हणून. सकाळी दहापर्यंत फूल, दहानंतर कचरा, हे खरंच आहे. ओल्या फरशीवर ही फुलं कुजली की पाय सरकतो आणि केशरी डागही राहतात, त्यामुळे पायरीजवळ, गाडी लावायच्या जागेवर नको.

अजून एक, घराच्या दर्शनी भागात ऐटीत मिरवायला हे झाड लावू नका, निराशा होईल. दिवसा बघाल तर पान मळकट हिरवं, फूल एक नाही, काहीतरी उदास कारभार. हे माझं एकट्याचं मत नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला, इथेच राहिला, इथल्या झाडपाल्यावर त्याने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला, त्यात या झाडाला त्याने 'दुःखी झाड' म्हटलंय. सूर्यावर जीव लावणाऱ्या मुलीची गोष्टही त्याने तिथे सांगितलीय, सूर्याने सोडून दिलं म्हणून तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून आलेलं हे झाड म्हणून याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत. पुढे १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिलं तेही निक्टॅन्थस आर्बोर-ट्रिस्टिस, म्हणजे रात्री फुलणारं दुःखी झाड. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ओर्ताचं नाव आहे, आपण तिथे बसून शेंगदाणे खातो आणि पाटी कोणी वाचत नाही. तर सांगायचं काय, की पारिजातक मागच्या अंगणात, नाहीतर झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर लावा, जिथे तो रात्री आणि पहाटे कामाचा. शेवटी मोगरा-जाईच्याच कुळातला आहे, वासाला जागतो. आणि पायथ्याला अबोली लावा. फुलांच्या दिवसांत अबोलीची केशरी आणि याच्या देठांची केशरी असा मेळ जमतो, आणि उन्हाळ्यात वरचं झाड बोडकं असलं तरी खाली हिरवं दिसतं.

पाणी हा विषय जरा नीट वाचा, कारण झाडं मरतात ती इथेच. पावसात वरून पाणी देण्याचा प्रश्नच नाही, फक्त बुंध्याजवळ साचत नाही ना एवढं बघा. पाऊस ओसरला की पहिल्या वर्षीच्या रोपाला ऑक्टोबर ते डिसेंबर आठवड्यातून दोनदा. तेव्हा उंचवट्यावर बुंध्यापासून फूटभर अंतर ठेवून गोल आळं करायचं आणि त्यात वाळका पाला, सुपारीच्या झावळ्यांचे तुकडे, नारळाची सोडणं, जे असेल ते पसरायचं. जानेवारीपासून पानं पिवळी पडायला लागतात. इथे माणसं घाबरतात. पिवळं पान बघितलं की पाईप घेऊन धावतात, रोज दोन बादल्या, आणि झाड तर झोपायला निघालेलं, त्याला पानंच नाहीत तर ते पाणी पिणार कुठून? ते पाणी तसंच मुळाशी राहतं आणि जे काम पावसाने केलं नाही ते आपण मार्चमध्ये करतो. पानं गळायला लागली की पाणी कमी करायचं, वाढवायचं नाही. लहान रोपाला पाच-सहा दिवसांनी एक कळशी, आणि तीन वर्षांवरच्या जमिनीतल्या झाडाला दोन आठवड्यांतून एकदा दिलं तरी पुष्कळ. माझ्या झाडाला तर मी एप्रिलमध्ये काहीच देत नाही.

मेलंय का झोपलंय हे कसं कळणार, तर अंगठ्याच्या नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत ओला पोपटी रंग दिसला की झोपलंय. तपकिरी, कोरडं दिसलं तर ती फांदी गेली, मग थोडं खाली सरकून परत खरवडा. शेंड्याकडची वीतभर फांदी मेलेली असणं नॉर्मल आहे, त्यावरून झाडाचं मृत्युपत्र लिहू नका. काकींना मी दोनदा असं खरवडून दाखवलंय, त्या "होय काय" म्हणतात आणि पुढच्या मार्चमध्ये परत तेच. मे महिन्यात वळवाची एखादी सर पडून गेली की आठवड्याभरात डोळे फुगतात आणि जोडीजोडीने पानं फुटतात.

छाटणीबद्दल लोक फार भितात आणि मग झाड वीस-पंचवीस फूट जातं, फुलं वर आणि आपण खाली. फुलं तशी खालीच पडतात म्हणा, पण वरचा भार वाढला की पावसाळ्यातल्या वाऱ्याला फांद्या मोडतात. आणि मुख्य म्हणजे फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर, शेंड्यांना आणि पानांच्या बेचक्यांत. जितके फुटवे जास्त तितकी फुलं जास्त, साधा हिशोब. म्हणून फळं वाळून बिया गळून गेल्या की फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये, झाड बोडकं असताना छाटायचं. तेव्हा सांगाडा स्पष्ट दिसतो. आधी मेलेल्या फांद्या, मग एकमेकांवर घासणाऱ्या, मग आत वळलेल्या, आणि उरलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा. कट डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर, तिरका. तुम्हाला झुडूप हवं की छत्री ते पहिल्या दोन वर्षांत ठरवा, छत्री हवी तर एकच खोड ठेवून चार फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढत जा, झुडूप हवं तर रोप दोन फुटांचं असतानाच शेंडा खुडा. मी झुडूप ठेवलंय, सात-आठ फुटांवर जाऊ देत नाही. जूनमध्ये नवे फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे एकदा चिमटीने खुडतो, प्रत्येक ठिकाणी एकाचे दोन होतात. जुलैचा पहिला आठवडा ही त्याची शेवटची तारीख, त्यानंतर कात्रीला हात लावू नका, कळ्या जातील. आमच्याकडे एकदा ऑगस्टमध्ये मांडव घालायला अडतंय म्हणून कोणीतरी अर्धं झाड साफ केलं, त्या वर्षी फुलांचा रंग काय असतो तेही विसरलो आम्ही.

जाड फांदी कापली असेल तर कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. सुपारीवर कोळेरोगाची फवारणी करणाऱ्यांच्या घरी मोरचूद आणि चुना असतोच. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, आणि भांडं प्लॅस्टिकचं, लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड बादली नको. जुन्या ब्रशने लावून टाकायचं. नाही लावलं तर पावसात तिथून पाणी शिरतं आणि मागोमाग वाळवी.

खताचं सांगण्यासारखं फार नाही. मोठ्या झाडाला जूनच्या सुरुवातीला दोन पाट्या शेणखत, बुंध्यापासून दोन फूट लांब गोलाकार, बास. युरिया टाकलात तर पानं पंख्याएवढी होतील आणि फुलं रुसतील.

कीड म्हणाल तर पावसाळ्यात कधी कधी खोडावर केसाळ सुरवंटांचा जथा बसलेला असतो, शेजारी शेजारी, सालीच्या रंगाचेच, त्यामुळे हात टेकेपर्यंत कळत नाही आणि मग दिवसभर खाजवत बसा. हाताने काढू नका, लांब काठीला फडकं बांधून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. पांढरे कापसासारखे पिठ्या ढेकूण शेंड्यांवर दिसले तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण, नीट ढवळून, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. हुमले (तांबड्या मुंग्या) पानं शिवून घर करतात, ते पान खात नाहीत, उलट सुरवंट उचलून नेतात, त्यामुळे मी त्यांना राहू देतो, फक्त छाटणीच्या दिवशी आधी घरटं कुठे आहे ते बघून घ्या हो, एकदा शर्टात गेले की झाडावरून उडी मारायची वेळ येते. लहान रोपांना खरा धोका गोगलगायींचा, रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला जमलेला नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी, पणजी-मडगाव-वास्कोवाले, तुमच्याकडेही होतो. कुंडी निदान अठरा इंची, त्यापेक्षा अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम बरा, बुडाला अंगठा जाईल एवढी सहा-सात भोकं आणि खाली दोन विटा, म्हणजे भोकं फरशीला चिकटत नाहीत. कुंडीत मात्र रेतीचं प्रमाण वाढवा आणि उंची पाच फुटांवर जाऊ देऊ नका. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यातही आठवड्यातून दोनदा पाणी लागतं, जमिनीचा हिशोब तिथे चालत नाही. दर दोन वर्षांनी मार्चमध्ये बाहेर काढून मुळांचा बाहेरचा थर इंचभर कापायचा आणि नवी माती. टेरेसवर मावळतीचं ऊन लागतं तिथे ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

फुलं सुरू होतात ऑगस्टात, आधी तुरळक. चतुर्थीला आमच्याकडे परडीच्या बुडापुरती मिळतात, नवरात्रात परडी भरते आणि दिवाळीपर्यंत चालतं, नंतर हळूहळू कमी. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला टॉर्च मारून बघा, कळी सुटताना पाकळ्या पंख्यासारख्या, पवनचक्कीसारख्या एका बाजूला मुरडलेल्या असतात, पाच ते आठ पाकळ्या, सगळ्या फुलांना सारख्या नाहीत, आणि मधे केशरी डोळा. पहाटे पाचच्या आसपास पडायला लागतात, वारा नसला तरी, शांत असेल तर टप टप असा आवाजही येतो. देवाला जमिनीवर पडलेलं फूल चालत नाही, पण पारिजातकाला ही सूट आहे, म्हणून काकींचं फावतं. चिखलात पडू नयेत म्हणून रात्री झोपताना झाडाखाली जुनी सुती साडी अंथरायची. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्यावर पाणी साचून फुलं पोहतात. पाऊस थांबल्यावर अंगण शेणाने सारवलेलं असेल तर साडीचीही गरज नाही. आणि फांदी हलवून पाडू नका, अर्धवट सुटलेल्या कळ्याही येतात त्यात.

उरलेल्या फुलांचं काय करायचं? देठ काढून सावलीत वाळवा. केशरात असतं त्याच प्रकारचं रंगद्रव्य या देठांत असतं, पूर्वी रेशीम रंगवायला वापरायचे. दोन मुठी वाळके देठ पाण्यात मंद आचेवर उकळून गाळायचे, चिमूटभर तुरटी घालून पांढरा सुती रुमाल बुडवायचा, पिवळा-केशरी रंग येतो. टिकाऊ नाही, चार धुण्यांत फिका होतो, पण पोरांची एक दुपार मजेत जाते. तापाला पानांचा काढा करायची पद्धत घरोघर आहे, कडूजहर असतो, तो मात्र वैद्याला विचारूनच, मी त्यात पडत नाही.

आता तुमच्याच झाडापासून रोपं करायची तर सगळ्यात सोपं काम झाडच करून ठेवतं. पहिल्या पावसानंतर बुंध्याभोवती आपोआप उगवलेली रोपं शोधा, चार-सहा पानांची झाली की मातीच्या गोळ्यासकट खुरप्याने उचलून पिशवीत. ती नसतील तर बिया. फळ म्हणजे चपटं, गोल, रुपयाच्या नाण्यासारखं, आधी हिरवं, मग तपकिरी, वाळलं की मधोमध दोन फाका होतात आणि प्रत्येक फाकीत एक बी. जानेवारी-फेब्रुवारीत झाडावरच वाळलेली घ्या, खाली पडून भिजलेली नको. बी ताजी असेल तितकी बरी. एक रात्र पाण्यात भिजवून अर्धा इंच खोल पेरा आणि धीर धरा, काहींना महिनाही लागतो, आणि दहातल्या चार आल्या तरी खूश व्हा. बियांच्या झाडाला फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात. घाई असेल तर जूनच्या शेवटी पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे, खालचा कट डोळ्याच्या लगेच खाली, रेती आणि माती अर्धी अर्धी, आणि ठेवायचं पडवीच्या कडेला जिथे हवा दमट पण पावसाची धार थेट पडत नाही. एक जगवायचा असेल तर पाच लावा. तुकडा दोन पानं काढतो म्हणून लगेच उपटून मुळं बघायला जाऊ नका, ती पानं तो साठवणीतल्या जोरावर काढतो, मुळं नंतर येतात. पिशवीच्या बुडातून पांढरं मूळ डोकावलं की मगच हलवायचं.

आणि पिशवीत आइस्क्रीमची काडी खोचून त्यावर महिना लिहून ठेवा, पण पेन्सिलीने. मार्कर म्हणे पक्का असतो, आमच्या आषाढात तो पंधरा दिवसही टिकत नाही, गेल्या वर्षीच्या माझ्या सात पिशव्यांतल्या तुकड्यांच्या कुठल्या आणि बियांच्या कुठल्या ते आता त्यांना फुलं आली की कळेल.